किल्ली

पाणी कुठून येतं, मी विचारलं.
चौथी ब, दुसरा तास.
"नळातून," विराज भोईटे म्हणाला, आणि वर्ग हसला,
पण हसणाऱ्यांपैकी कुणालाच पुढचं ठाऊक नव्हतं.
"टाकीतून." "मोटार लावली की."
"पालिकेतून, बाई, पप्पा बिल भरतात."
पुस्तकात ढग होता, बाण होते,
आणि समुद्र,
चौथी ब मध्ये एकानंही न पाहिलेला.

मी फळ्यावर शाळेचा नळ काढला
आणि खडूनं उलटी चालायला लागले:
नळामागे पाइप, पाइपामागे टाकी,
टाकीमागे यवतेश्वरचा घाट, घाटावर पठार,
आणि पठारावरून पुढे...
फळा संपला.
"कास!" मागून कुणीतरी ओरडलं.
"आमी गेलतो, फुलं बघायला."
फुलं सगळ्यांनी पाहिली होती.
फोटोत पाठीमागे तळं होतं.
ते रोज पहाटे आपल्या घरी येतं
हे फोटोला काय माहीत.

निलोफर शिकलगार एरवी बोलत नाही.
तिनं हातसुद्धा नाही, नुसतं बोट वर केलं.
"बाई, पाणी माझ्या अब्बांच्या किल्लीतून येतं."

दुसऱ्या दिवशी दस्तगीरभाई आले,
सायकलच्या दांडीला बांधलेली किल्ली घेऊन:
निलोफरच्या खांद्याला लागेल एवढी, इंग्रजी टी-सारखी,
मुठीपाशी झिजून चकचकीत, खाली चिखल वाळलेला.
फाटकाबाहेरचं लोखंडी झाकण त्यांनी उचललं.
आत अंधार, एक बेडूक, आणि व्हॉल्व्हचं चौकोनी डोकं.
"पहाटे चारला मंगळवार पेठ, सव्वापाचला चिमणपुरा,
धाला तुमची आळी. एकाचं आवळल्याबिगर
दुसऱ्याला जात न्हाई."

"आता गप ऱ्हावा."
किल्ली अर्धा फेरा वळली
आणि पायाखालून काहीतरी गेलं,
लांबवर एसटी घाट उतरावी तसं.
विराजनं कान जमिनीला लावला.
उठला तेव्हा गालावर खडी उमटली होती.
"किती फेरे असतात, काका?"
"पावसाळ्यात बावीस. मे महिन्यात नऊ.
उरलेल्या तेरांच्या मला शिव्या."

शाळेच्या हौदाजवळचा तिसरा नळ
जूनपासून गळतो.
मी रोज त्याच्यासमोरून जाते.
तनिष्का लोहारनं खाली पेला ठेवला.
हजेरीपासून मधल्या सुट्टीपर्यंत
अकरा वेळा भरला, अकरा वेळा जास्वंदीला ओतला.
मी गुणाकार मांडला: अकरा गुणिले दिवस,
गुणिले महिने. उत्तर लिटरमध्ये लिहा.

हर्षल आखाडे उठला.
तळ्याच्या वरच्या वाडीवरून
मामाकडे शिकायला आलेला.
"बाई, लिटर नको. कळशीत सांगा.
चार दिवसांत आईची एक कळशी भरंल."
मग हळूच म्हणाला,
"आमच्या दारातनं तळं दिसतंय.
उन्हाळ्यात आई झऱ्याला बसती, वाटीवाटीनं भरती.
तळ्याचं पाणी खाली जातंय."
"खाली म्हणजे कुठं?" निलोफरनं विचारलं.
हर्षल तिच्याकडे बघत राहिला.
"इथं," तो म्हणाला.

मी खडू खाली ठेवला.
पुस्तकाच्या शेवटी उत्तरं असतात,
हे त्यात नव्हतं.

नळासाठी मी अर्ज केला. अर्ज वर गेला.
शनिवारी दस्तगीरभाईंनीच
सायकलच्या जुन्या ट्यूबचा रुपयाएवढा तुकडा कापून
आत बसवला.
हर्षलनं दोन्ही हातांनी पाना धरला होता.
नंतर पोरं बराच वेळ तिथंच उभी,
न पडणाऱ्या थेंबाकडे बघत.

माझ्याकडे सव्वापाचला नळ आधी खोकतो,
मग वाहतो.
इतकी वर्षं मी या आवाजावर कूस बदलली.
आता कुणीतरी रस्त्यात गुडघे टेकून
किल्ली फिरवत असतं, ते दिसतं.
मी अंथरुणातच फेरे मोजते.
नवाच्या पुढे गेले की उठते, बादली लावते,
आणि भरायच्या आधीच
नळाशी जाऊन उभी राहते.